स्कॉटलंड सोडून गेलेल्या शिपाई पूर्वजाचा माग कसा काढावा

‘आमचे खापरपणजोबा स्कॉटिश सोल्जर होते’ एवढ्या एका वाक्यावर पुष्कळांचा शोध सुरू होतो. सोबत नाव असतं जॉन मॅकडोनल्ड किंवा डोनाल्ड फ्रेझर असलं काहीतरी. ते नाव नेटवर टाकलं की ढिगाने जॉन मॅकडोनल्ड समोर येतात. त्यातला एखादा जन्मसालाच्या आसपास बसतो, तोच आपला असं ठरतं आणि वंशावळ बघता बघता १७०० पर्यंत चढते. अशी वंशावळ बहुधा दुसऱ्याच कुणाची तरी असते.

हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागात, आडनावं मोजकी, आणि ठेवायची नावं त्याहून मोजकी. नुसत्या नावावर तिथे कुणीच ओळखू येत नाही. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या चोपडीत आपलं घराणं शोधायचं तर आधी मूळ गाव सांगावं लागतं, तेव्हा कुठे योग्य वही बाहेर निघते. स्कॉटलंडमध्ये ते काम पॅरिश करते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला वाड्यावस्त्यांचा गट. अशा पॅरिश देशभरात ९०० च्या वर होत्या आणि जन्म-लग्नांच्या जुन्या वह्या पॅरिशवारच आहेत.

म्हणून पूर्वजाच्या पॅरिशचं नाव कुठल्यातरी कागदावर सापडेपर्यंत स्कॉटलंडच्या दफ्तराला हात लावू नका. शिपाई पूर्वज असणं हे इथे नशीबच म्हणायचं. १८०० च्या सुमारास साधा विणकर किंवा कूळ कॅनडाला गेलं, तर त्याच्या जन्मगावाचा उल्लेख कुठेच नसण्याची शक्यता मोठी. लष्कर मात्र ते लिहून ठेवायचं. पळून गेलेला माणूस धरता यावा आणि एकाचं पेन्शन दुसऱ्याने उचलू नये, म्हणून जन्माची पॅरिश, वय, धंदा, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग अशी सगळी नोंद व्हायची.

जिथे मेला, तिथून मागे या

पहिलं काम परदेशातलं. तो जिथे स्थायिक झाला, जिथे वारला, तिथले कागद आधी संपवा.

पूर्वज ऑस्ट्रेलियात वारला असेल तर तुमचं काम बरंच सोपं. व्हिक्टोरियात १८५३ पासून आणि न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून नागरी नोंदणी आहे, आणि तिथल्या मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावं, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षं काढली, मुलं कोण, एवढं सगळं विचारलेलं असतं. न्यूझीलंडच्या दाखल्यात हा तपशील १८७६ पासून मिळतो. मात्र माहिती देणारा कोण होता तेही पाहा. जावयाने सांगितलेलं सासऱ्याच्या आईचं नाव जपूनच घ्यावं.

कॅनडात हे सुख नाही. ओंटारियोची नोंदणी १८६९ ची, आणि आपले शिपाई त्याच्या कितीतरी आधी पोचलेले. तिथे आधार जमिनीचा. १७६३ च्या शाही जाहीरनाम्याने उत्तर अमेरिकेत लढून तिथेच सेवामुक्त झालेल्यांना जमीन देऊ केली: साध्या शिपायाला ५० एकर, हवालदार दर्जाच्या माणसाला २००, कनिष्ठ अधिकाऱ्याला २,०००, कॅप्टनला ३,०००. क्वेबेकच्या लढाईतल्या ७८व्या फ्रेझर हायलँडर्सपैकी काही जण असेच मागे राहिले. क्वेबेकमधल्या मरे बे भागातल्या त्यांच्या वंशजांची भाषा दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच झाली. तेव्हा स्कॉटिश आडनावाचा माणूस फ्रेंच कॅथलिक चर्चच्या वहीत वेड्यावाकड्या स्पेलिंगने सापडला तर चकित होऊ नका. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर ८४व्या रॉयल हायलँड एमिग्रंट्सची माणसं नोव्हा स्कोशियात वसली. ग्लेनगॅरी फेन्सिबल्स ही कॅथलिक हायलँडर्सची पलटण १८०२ मध्ये मोडली, आणि त्यातले अनेक जण आपले पाद्री अलेक्झांडर मॅकडोनेल यांच्या मागोमाग ओंटारियोतल्या ग्लेनगॅरी परगण्यात गेले. १८१६ ला अप्पर कॅनडात (आजच्या ओंटारियोत) पर्थ इथे सेवामुक्त शिपायांची खास वसाहतच उभी राहिली.

जमीन मागताना अर्ज करावा लागे. कुठल्या पलटणीत, किती वर्षं, कुठल्या लढायांत, हे शिपाई स्वतः सांगतो. कधी सेवामुक्तीचा कागदही जोडलेला असतो. अप्पर कॅनडाचे हे अर्ज लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाने ऑनलाइन ठेवले आहेत, आणि पाहायला पैसे लागत नाहीत. नोव्हा स्कोशिया आणि केप ब्रेटनकडच्या कबरींवर तर मूळ परगणा, कधी पॅरिशसुद्धा, कोरलेली असते.

जहाजांच्या याद्यांच्या मागे मात्र सुरुवातीला लागू नका. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या सलग याद्या १८९० पासूनच्या आहेत आणि कॅनडात उतरणाऱ्यांच्या १८६५ पासूनच्या. त्याआधीचा प्रवासी यादीत नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. शिवाय पलटणीबरोबर गेलेला शिपाई हा प्रवासी नव्हताच. तो लष्कराच्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, असतो.

पलटण कुठली?

घरात एखादं पदक असेल तर त्याची कड पाहा. बऱ्याच ब्रिटिश पदकांच्या कडेवर नाव आणि पलटण कोरलेली असते. नसेल तर जमिनीचा अर्ज, पेन्शनचा कागद किंवा मुलांच्या जन्माच्या जागा कामी येतात. एक मूल जिब्राल्टरला, दुसरं माल्टात, तिसरं हॅलिफॅक्सला जन्मलं असेल, तर त्या त्या वर्षी त्या तिन्ही ठिकाणी कुठली पलटण होती हे जुळवून पाहता येतं.

पलटणींचे आकडे फसवे असतात. ७८वी म्हटलं की कुठली? सात वर्षांच्या युद्धातली फ्रेझर यांची ७८वी १७६३ ला मोडली. १७९३ ला उभी राहिलेली ७८वी रॉसशायर बफ्स वेगळीच. ७१व्याचंही तसंच: अमेरिकन युद्धातली ७१वी निराळी आणि पुढे हायलँड लाइट इन्फंट्री झालेली ७१वी निराळी. त्यात १८८१ च्या सुधारणेत पलटणी जोडल्या गेल्या. ४२वी आणि ७३वी मिळून ब्लॅक वॉच, ७२वी आणि ७८वी मिळून सीफोर्थ, ७५वी आणि ९२वी मिळून गॉर्डन, ९१वी आणि ९३वी मिळून आर्गिल अँड सदरलँड. म्हणून आकड्याशेजारी साल लिहायची सवय लावून घ्या.

हायलँड पलटणीत होता म्हणजे हायलँडर होता, असंही नाही. या पलटणींत सखल भागातले स्कॉट, आयरिश आणि इंग्रज मोठ्या संख्येने भरती झाले. सगळे किल्ट घालत हेही खरं नाही. १८०९ मध्ये ७२, ७३, ७४, ७५, ९१ आणि ९४ या सहा पलटणींचा हायलँड पोशाख काढून घेतला गेला. उलट हजारो स्कॉट तोफखान्यात किंवा इंग्लिश नावाच्या पलटणींत होते. आणि आडनावावरून घराण्याचा टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, विकणारी दुकानं ही फक्त दुकानं आहेत. टार्टन हवा तर जरूर घ्या, पुरावा म्हणून घेऊ नका.

क्यूचे कागद

ब्रिटिश लष्कराचं दफ्तर एडिंबराला नाही, लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. त्यातली सगळ्यात मोलाची मालिका डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ९७, म्हणजे पेन्शनवर गेलेल्या शिपायांचे सेवामुक्तीचे कागद, १७६० पासूनचे. नवख्यांना बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की १७६० ते १८५४ या काळातल्या कागदांची सूची आर्काइव्ह्जच्या कॅटलॉगमध्ये नावानिशी आहे, आणि त्या ओळीतच जन्माची पॅरिश, परगणा, पलटण, सेवामुक्तीच्या वेळचं वय दिलेलं असतं. ती शोधायला एक पैसा पडत नाही. मूळ कागदाची प्रत फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर वर्गणी भरून दिसते. नाव टाकताना मॅक आणि एमसी, दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा. नाव सापडेना तर पॅरिश किंवा परगणा आणि पलटण एवढंच टाका. चुकीच्या स्पेलिंगमागे दडलेली माणसं अशी वर येतात.

इथे नाव मिळालं नाही तर? १८८३ पर्यंतच्या डब्ल्यूओ ९७ मध्ये फक्त पेन्शन मिळालेले आहेत. नोकरीत मेलेला, पळालेला किंवा पैसे भरून सुटका करून घेतलेला शिपाई तिथे नसतोच. त्याच्यासाठी डब्ल्यूओ १२ मधली मस्टर आणि पगारपत्रकं उघडावी लागतात. दर तिमाहीला पलटणीतल्या प्रत्येकाचं नाव त्यात येतं. पान उलटायला चिकाटी लागते, पण १९व्या शतकातल्या मस्टरच्या शेवटी त्या तिमाहीत मेलेल्या आणि सुटलेल्यांची वेगळी यादी असते, आणि तिच्यात जन्मस्थान व मूळ धंदा सापडू शकतो. डब्ल्यूओ २५ मध्ये वर्णनवह्या आणि मृतांची विवरणपत्रं आहेत. मेलेल्याचा थकलेला पगार कुणाला द्यायचा, म्हणून जवळच्या नातेवाइकाचं नाव तिथे लिहिलेलं असतं. आईचं किंवा भावाचं नाव आणि गाव असं मिळालं तर एका ओळीत दोन पिढ्यांचं काम होतं.

परदेशात पेन्शन घेणाऱ्यांची विवरणपत्रं डब्ल्यूओ २२ मध्ये आहेत, मुख्यतः १८४२ ते १८८३ ची. न्यूझीलंडला १८४७ ते १८५२ दरम्यान गेलेले रॉयल न्यूझीलंड फेन्सिबल्स हे असेच पेन्शनर. ऑकलंडभोवती ओनेहुंगा, हॉविक, पॅनम्यूर, ओटाहुहू या गावांत त्यांना वसवलं, आणि सात वर्षांच्या सेवेच्या बदल्यात घर व एकरभर जमीन दिली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८ मध्ये कैद्यांच्या जहाजांवर पहारेकरी म्हणून आलेले पेन्शनर आहेत. या दोन्ही गटांतल्या माणसांचे डब्ल्यूओ ९७ चे कागद असण्याचा संभव चांगला.

‘वॉटर्लूला लढले होते’ ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घराण्यात असते. ती तपासायला सोपी, कारण वॉटर्लूचं पदक सगळ्या दर्जाच्या माणसांना मिळालं आणि त्याची यादी आहे. त्याआधीच्या लढायांचं मिलिटरी जनरल सर्व्हिस पदक १८४७ ला मंजूर झालं, तेही अर्ज करायला हयात असलेल्यांनाच. तेव्हा पूर्वज १८४० ला वारला असेल, तर यादीत नाव नसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

पहिल्या महायुद्धाचं चित्र उलटं आहे. ब्रिटिश शिपायांच्या सेवापत्रिकांपैकी सुमारे ६० टक्के सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. पण कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जाऊन तिथल्या फौजेत भरती झालेल्या स्कॉटांच्या पत्रिका शाबूत आहेत आणि दोन्ही देशांच्या राष्ट्रीय दफ्तरांनी त्या फुकट ऑनलाइन ठेवल्या आहेत. भरतीच्या अर्जात जन्मगाव आणि नातेवाइकाचा पत्ता असतो, पुष्कळदा थेट स्कॉटलंडमधल्या घराचा. परदेशी गेलेल्या नातवापासून सुरुवात करता येत असेल तर जरूर करा.

हिंदुस्थानात आलेला असेल तर

मराठी मुलुखाशी या विषयाचा संबंध इथे येतो. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत ७४वी आणि ७८वी या दोन्ही हायलँड पलटणी होत्या. पुढे पुणे, खडकी, अहमदनगर, बेळगाव, कामठी इथल्या छावण्यांमध्ये स्कॉट येत-जात राहिले, आणि काही घराणी इथलीच झाली.

पहिला प्रश्न एकच: तो राजाच्या पलटणीत होता की कंपनीच्या? राजाच्या असेल तर वर सांगितलेले क्यूचे कागद. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणीत असेल, उदाहरणार्थ बॉम्बे युरोपियन रेजिमेंटमध्ये, तर दफ्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये. भरती होऊन निघालेल्यांच्या वह्या एल-एमआयएल-९ मालिकेत आणि मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं एन-३ मालिकेत आहेत. बंगालसाठी एन-१, मद्रासेसाठी एन-२. यातलं बरंचसं फाइंडमायपास्टवर आहे, आणि फिबिस (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेची शोधसूची सगळ्यांना मोफत खुली आहे. १८५७ नंतर कंपनीचं सैन्य राणीकडे गेलं. बॉम्बे युरोपियनची १८६२ ला १०३वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स झाली आणि १८८१ ला तीच रॉयल डब्लिन फ्युझिलियर्समध्ये गेली. स्कॉट माणसाच्या कागदावर डब्लिन दिसलं म्हणून त्याला आयरिश ठरवू नका.

१८०३ ते १८२६ च्या लढायांसाठी आर्मी ऑफ इंडिया पदक १८५१ मध्ये दिलं गेलं. त्याच्या पट्ट्यांवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, कोरेगाव ही नावं आहेत. इथेही अट तीच: माणूस १८५१ पर्यंत हयात हवा.

लग्नाचा भाग जरा नाजूक. पलटणीच्या हिशेबात धरलेल्या बायकांची संख्या मर्यादित असे, आणि इथल्या स्त्रीशी जोडलेलं नातं कागदावर येईलच असं नाही. मुलाचा बाप्तिस्मा मात्र पुष्कळदा सापडतो, आईच्या फक्त पहिल्या नावानिशी किंवा तिच्या नावाशिवाय. अशा ठिकाणी रिकामी जागा रिकामीच ठेवा. सोयीची एखादी ‘मेरी’ तिथे बसवू नका.

आता स्कॉटलंड

पॅरिश हातात आली की नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडचं अधिकृत स्थळ स्कॉटलंड्सपीपल उघडा. नोंदणी आणि शोध मोफत. मूळ पानाची प्रतिमा पाहायला बहुतेक ठिकाणी क्रेडिट विकत घ्यावे लागतात. जन्माच्या प्रतिमा १०० वर्षांनी, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांनी ऑनलाइन खुल्या होतात.

सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, आणि स्कॉटिश दाखले इंग्लिश दाखल्यांपेक्षा फार सरस. मृत्यूच्या दाखल्यात दोन्ही पालकांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. म्हणून पूर्वज स्वतः परदेशात वारला तरी त्याचे मागे राहिलेले भाऊ-बहीण १८५५ नंतर स्कॉटलंडमध्ये वारले का, ते पाहा. १८०० च्या आत जन्मलेल्या आईवडिलांची नावं या वाटेने मिळतात. भावाचा दाखला शोधायचं मात्र फार थोड्यांना सुचतं. खुद्द १८५५ या एका वर्षाचे दाखले तर विलक्षण तपशीलवार आहेत. एवढं लिहिणं झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले.

१८५५ च्या आधी जुन्या पॅरिश वह्या. सगळ्यात जुनी पर्थशायरमधल्या एरॉलची, १५५३ ची. हायलँड्स आणि बेटांवरच्या कितीतरी वह्या मात्र १८व्या शतकाच्या अखेरीस किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. नोंद न सापडण्याची कारणं ठरलेली असतात. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, आणि गरिबांनी तो टाळला. कुटुंब कॅथलिक असेल तर नोंद चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वहीत शोधण्यात अर्थ नाही. साउथ युइस्ट, बारा, मॉयडार्ट, अरिसेग या भागांत आधी कॅथलिक वह्या पाहाव्यात, त्याही याच स्थळावर आहेत. आणि लग्न. स्कॉटलंडमध्ये साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवरा-बायको’ असं जाहीर केलं तरी लग्न कायदेशीर होई, आणि हा कायदा १९४० पर्यंत टिकला. पलटण उद्या निघणार असलेला शिपाई चर्चमधल्या लग्नाच्या तीन रविवारच्या घोषणांसाठी थांबत नसे.

अशा वेळी कर्क सेशनची कामकाजाची पानं वाचावीत. कर्क सेशन म्हणजे चर्चची स्थानिक पंचायत. चोरून केलेलं लग्न, लग्नाआधीचं मूल, कुणाला वर्तणुकीचा दाखला दिला, सगळं तिथे येतं. ‘बाप कोण?’ या प्रश्नावर एखादी मुलगी शिपायाचं नाव आणि पलटण सांगते, ते कारकुनाने जसंच्या तसं उतरवलेलं असतं. ही पानं स्कॉटलंड्सपीपलवर आता मोफत वाचता येतात, पण नावांची सूची नाही. पानं चाळावीच लागतात. माझ्या मते या सगळ्या दफ्तरातलं सर्वांत जिवंत वाचन हेच.

दोन उमेदवार उरले तर नावांची रीत मदतीला येते: पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. पुष्कळ घरांत ही रीत पाळली, सगळ्यांत नाही. तिच्यावरून अंदाज बांधावा, निकाल देऊ नये. त्याहून खणखणीत कसोटी म्हणजे ज्याला आपण आपला समजतो तो पुढे गावातच राहिला का, हे पाहणं. १८४१ च्या जनगणनेत तो त्याच पॅरिशमध्ये शेत कसताना दिसला, तर कॅनडात जमीन मागणारा तो नव्हे. ही जनगणना वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा: मोठ्यांची वयं खालच्या पाचाच्या पटीत लिहिलेली आहेत, आणि जन्म त्याच परगण्यातला का, एवढंच विचारलेलं आहे. पॅरिश १८५१ पासून येते.

वह्या संपल्या की जमीनदारांची दफ्तरं. हायलँड पलटणी जमीनदारांनीच उभ्या केल्या: ९२वी ड्यूक ऑफ गॉर्डनने, ९३वी सदरलँडच्या इस्टेटीतून. मुलगा पलटणीत दिला तर कुळाची जमीन टिकेल, असा सौदा असे, आणि तो खंडाच्या वहीत उमटतो. कुठल्या वाडीत कोण कूळ, किती खंड, कुणाचा मुलगा भरती झाला. गॉर्डन घराण्याचे कागद एडिंबराच्या नॅशनल रेकॉर्ड्समध्ये जीडी ४४ क्रमांकाखाली आहेत, ब्रेडलबेनचे जीडी ११२ खाली. यातलं फार थोडं ऑनलाइन आहे, तेव्हा एडिंबराला जाणाऱ्या कुणाला तरी गळ घालावी लागते. जाण्याआधी गठ्ठा क्रमांक कॅटलॉगमधून काढून मागणी नोंदवून ठेवावी. आपल्या पॅरिशचा जमीनदार कोण हे ठाऊक नसेल तर स्टॅटिस्टिकल अकाउंट उघडा. १७९० च्या दशकात आणि पुन्हा १८३४ ते १८४५ मध्ये बहुतेक प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने आपल्या हद्दीचं वर्णन त्यात लिहिलं आहे, आणि जमिनीचे मालक कोण, हे पुष्कळदा त्यातच असतं.